टायम जावंक नको?

तो मान वर करत नाही. समोर कोण उभं आहे हे न बघताच उजवा हात पुढे करतो, तळवा उभा, नाक्यावरचा पोलीस ट्रक अडवतो तसा, आणि म्हणतो, "जरा रव, ह्यो लेवल संपांदे."

समोर कोणीही असो. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, देवळाची वर्गणी मागायला आलेली मंडळी असोत, नाहीतर स्वतःची बायको. एकदा त्याची सख्खी बहीण सासरहून आली होती. दोन्ही हातांत पिशव्या, अंगाला घाम. तिलाही त्याने हात दाखवला. ती बिचारी शेवटी माझ्या दुकानात येऊन बसली आणि पाणी मी दिलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, हल्ली वाड्यावाड्यावर निघतो. पण आमच्या धारगळच्या नगाची सर त्याला यायची नाही, हे मी पैजेवर सांगते.

आधीच सांगून टाकते, मला हा माणूस कधी आवडला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण हा कुठे गेलेला नाही. धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, दुपारी झोपतो. त्यामुळे मला तोंड आवरून लिहायचं काही कारण नाही.

माझं शिवणाचं दुकान आणि त्याचं नळ-पाईपांचं दुकान एकाच भिंतीला लागून आहे. हमरस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट जाऊ लागल्या आणि आमची दुकानं सर्व्हिस रोडच्या कडेला राहिली. गिऱ्हाईक पातळ झालं. मी त्या रिकाम्या वेळात साड्यांना फॉल लावते, पडदे शिवते, लोकांच्या पिशव्यांच्या चेनी बदलते. त्याने मोबाईल घेतला. दिवसभर त्यात बघतोस तरी काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "टायम जावंक नको?"

हे त्याचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. जसा काही टायम त्याच्या दारात ठाण मांडून बसला होता आणि कोणीतरी त्याला हाकलायलाच हवं होतं. हे काम मात्र त्याने मनापासून केलं. दुसरं कुठलंही काम त्याने इतक्या मनापासून केलेलं मी पाहिलेलं नाही.

सुरुवात रंगीत गोळ्या फोडण्यापासून झाली. एका रंगाच्या गोळ्या एका ओळीत आल्या की फुटायच्या आणि मोबाईलमधली बाई त्याला शाबासकी द्यायची. पन्नाशीला टेकलेला माणूस त्या शाबासकीने खुलायचा. मग सोंगट्यांचा खेळ आला. तो कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी माणसांशी खेळायचा. त्यांची तोंडं दिसत नाहीत, नावं खरी नसतात, पण त्यांच्यापैकी एकाने ह्याची सोंगटी मारली की हा भिंतीपलीकडे असा कळवळायचा की मी दोनदा मशीन सोडून धावत गेले होते. तिसऱ्यांदा गेले नाही.

एकदा बेळगावकडचा एक गवंडी आला, पलीकडच्या बांधकामावरचा. पाईप फुटला होता, पाणी वाहत होतं, त्याला एक जोड हवा होता. ह्याने हात दाखवला. गवंडी थोडा वेळ उभा राहिला, मग आपणच आत शिरला, फळीवरून जोड काढला, मापाला लावून बघितला, पैसे गल्ल्यावर ठेवले आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "बाई, मालकास्नी सांगा, दुकान चांगलं हाय." मी सांगितलं. तो म्हणाला, "कोण इल्लो?"

शेतीचा खेळ आला तेव्हा मात्र मला खरा संताप आला. त्या खेळात आपण जमीन नांगरायची, पेरायचं, पाणी घालायचं. पीक तयार झालं की मोबाईल किणकिणतो. मग हा जेवणावरून उठून गाजरं काढायचा. धारगळात गाजर कोण लावतं? पण ह्याच्या मोबाईलमध्ये गाजरांचे मळे होते, मका होता, दोन गायी होत्या आणि एक पवनचक्कीसुद्धा होती. आणि ह्याच्या घरामागे, ह्याच्या बापाने उभी हयात राबून राखलेलं शेत होतं. तिथे आता वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भात होत नाही, गुडघाभर गवत होतं. त्या गवतात त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वैनीने, एकटीने मिरचीचे चार वाफे धरले होते. त्या वाफ्यांना पाणी देणारा नळ गळका होता. नळाचं दुकान ह्याचं. वैनी महिनाभर सांगत होती. महिनाभर तिला हात दाखवला जात होता. मिरची सुकली.

मी त्याला भिंतीवरून ऐकवलं. म्हटलं, तुझी गाजरं बरी तरारून येतात आणि हिच्या मिरच्या वाळतात. त्यावर तो शांतपणे म्हणाला की मिरची वर्षातून एकदा येते आणि हे दर तासाला येतं. हे त्याने मला समजावून सांगितलं, बरं का, शिकवल्यासारखं.

त्याची एकदाच जिरलेली मी पाहिली. नदीकाठच्या चोपड्याहून एक मासळीवाली यायची, सकाळी पाटी घेऊन थेट दारात. त्या आठवड्यात ह्याने मोबाईलमध्ये माशांची टाकी घेतली होती. निळं पाणी, सोनेरी मासे, ठरल्या वेळी त्यांना खाणं टाकायचं. नाही टाकलं तर मासे उलटे होतात म्हणे. मासळीवाली तर्ले घेऊन उभी, आणि हा आपल्या माशांना दाणे टाकत बसलेला. तिलाही हात दाखवला. तिने वाकून मोबाईलमध्ये बघितलं, पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "आज तांच नुस्तां काप आणि रांद." नुस्तां म्हणजे मासळी. त्यानंतर ती त्याच्या दारी चढली नाही. वैनीला मासळीसाठी रस्त्यापर्यंत जाऊन तिची वाट बघावी लागायची. म्हणजे जिरली त्याची आणि पायपीट वैनीची. त्या घरात नेहमी असंच व्हायचं.

आता गाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

मोबाईलवर गाण्याचा एक प्रकार आहे. बाजा आयता वाजतो, शब्द समोर येतात, आपण गायचं. अर्धं गाणं आपण म्हणून ठेवायचं, उरलेलं अर्धं कुठलीतरी अनोळखी बाई म्हणते आणि दोघांचं मिळून एक गाणं होतं. मग बाकीचे लोक त्यावर बदाम पाठवतात. ह्याच्या गळ्यात सूर नाही. लहानपणी आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला पेटीसमोर बसवून पाहिलं होतं आणि काही दिवसांत हात टेकले होते. पण मोबाईल कोणापुढेच हात टेकत नाही. त्याने ह्याला पाच चांदण्या दिल्या. झालं. रोज दुपारी भिंतीपलीकडून रडका आवाज यायला लागला. स्वतःचं झालं की तो दुसऱ्या बायांची गाणी ऐकायचा आणि एकेकीला बदाम पाठवायचा. कोण नागपूरची, कोण दुबईची. मला बोलावून ऐकवायचा. "ऐक ऐक, काय गळो आसा."

आणि घरी वैनी गात होती.

आमच्या बायकांच्या भजनी मंडळात ती माझ्या शेजारी बसते, म्हणून मला माहीत आहे. तिचा आवाज फार गोड आहे असं मी म्हणणार नाही. थोडा जाड आहे. पण तो कुठे ठेवायचा हे तिला कळतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला चार आरत्या यायच्या. मुलगा हातचा गेला हे ओळखल्यावर आबांनी सुनेला शिकवलं. ती भाकऱ्या भाजायची, आबा पडवीत बसून चाल सांगायचे, ती चुलीपासून म्हणून दाखवायची. चुकली की आबा पितळी तांब्यावर अंगठी वाजवायचे. अशी ती शिकली. पुढे आबा गेले. ती मात्र रोज संध्याकाळी दिवा लावताना त्यांच्या चालीवर एक अभंग म्हणायची. नवरा पडवीत बसलेला असायचा, कानात बोंडं घालून, दुबईची बाई ऐकत.

वैनी माझ्याकडे ह्याची तक्रार कधी करत नसे. एकदाच म्हणाली की मी गाते तेव्हा तो आवाज वाढवतो, मोबाईलचा. हसत म्हणाली. मला नाही हसू आलं.

आमच्या देवीच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह असतो. सात दिवस नाम थांबत नाही. दिवसाचे प्रहर घरांना वाटून दिलेले आहेत. एका घरच्या माणसाने झांज खाली ठेवायच्या आधी दुसऱ्याने ती उचलायची. देवळावर कर्णा लावतात, त्यामुळे नाम सगळ्या वाड्यावर ऐकू येतं. तुम्ही स्वयंपाक करा, भांडण करा, झोपा, ते चालूच असतं. चार दिवसांनी ते ऐकू येतं हेही आपण विसरतो. पण थांबलं, तर झोपलेली म्हातारी माणसं उठून बसतील.

दुपारचा प्रहर आबांच्या घराचा. कधीपासून, ते कोणाला सांगता येत नाही. हा सगळ्यांत कठीण. महाप्रसाद झालेला असतो, पोटं जड झालेली असतात, पखवाजवाला खांबाला टेकून पेंगतो. तेव्हा एकट्याच्या जिवावर नाम ओढून न्यावं लागतं. आबांनी ते जन्मभर ओढलं. अखेरच्या वर्षी त्यांना धरून देवळात न्यावं लागलं होतं, तरी झांज त्यांच्याच हातात होती. त्यांच्यामागे प्रहर मुलाकडे आला. घरचा पुरुष बसतो, अशी रीत होती. बायकांचं मंडळ संध्याकाळी वेगळं गायचं.

पहिली काही वर्षं त्याने कसंबसं रेटलं. गेल्या श्रावणात काय झालं ते सांगते.

आम्ही बायका अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळेत बसलो होतो. दुसऱ्या दिवशीच्या खतखत्याची भाजी चिरायची होती. सुरण, नीरफणस, केळी. वैनी सुरण चिरत होती, हाताला खोबरेल लावून. कर्ण्यावरून नाम येत होतं आणि ते नेहमीपेक्षा फारच सुरेल होतं. एकीने म्हटलंही, आज ह्याचा गळा काय लागलाय. वैनीने मान वर केली आणि ऐकत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. ती म्हणाली, हा त्याचा आवाज नाही.

तेवढ्यात नाम तुटलं आणि कर्ण्यावरून एक बाई हिंदीत बोलायला लागली. खणखणीत, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी. घरबसल्या पत्ते खेळा, म्हणत होती. मित्रांना बोलवा, तीन पत्ते लावा, मोठी बक्षिसं जिंका. श्रावणात, देवीच्या देवळावरून. मागून शिट्ट्या आणि टाळ्यांचं संगीतही होतं. आमच्यातल्या दोघी हसत सुटल्या, एक देवीचं नाव घेत उठून उभी राहिली. मग पुन्हा नाम सुरू झालं, जसं काही झालंच नाही.

आम्ही एकमेकींची तोंडं बघतो आहोत, तोवर ते परत थांबलं. ह्या वेळी कोणी बोललं नाही. कर्णा गप्प झाला.

अशी शांतता मी सप्ताहात कधी ऐकली नव्हती. वाड्यावर दारं उघडल्याचे आवाज आले. एका घरातून एक म्हातारा बाहेर येऊन देवळाकडे बघत उभा राहिला. वैनीने सुरी टाकली आणि ती धावली. पायऱ्या चढतानाच तिने नाम धरलं. आम्हाला ते आधी तिच्या तोंडचं ऐकू आलं, लांब गेलेलं, धापा टाकत, मग कर्ण्यावर अगदी बारीक, आणि ती माईकजवळ पोचली तसं मोठं.

आम्ही मागोमाग गेलो. वैनी माईकपुढे बसली होती, तेलकट हातात झांज. पखवाजवाला डोळे चोळत होता. ह्याचे दोन मोबाईल होते. जुना त्याने पेटीला टेकवून माईकसमोर उभा केला होता, भजन लावून. नवा त्याच्या मांडीवर होता आणि त्यावर गोळ्या फुटत होत्या, आवाज बंद करून. देवळात आहोत एवढं भान होतं म्हणायचं. मी वाकून जुना मोबाईल पाहिला. त्यावर अक्षरं आली होती. व्हिडिओ थांबवला आहे, तुम्ही अजून पाहत आहात का? बराच वेळ कोणी हात लावला नाही की मोबाईल असं विचारतो म्हणे. त्याला हो म्हणणारं माणूस वीतभर अंतरावर बसलं होतं.

आमच्या देवस्थानचे अध्यक्ष धावत आले. त्यांनी विचारलं, नाम थांबलं कसं? ह्याने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "थांबलां? माका कळूकच नाय."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य.

पुढे जी चर्चा झाली तिची मला आजही लाज वाटते आणि हसूही येतं. मोठमोठी माणसं मांडी घालून बसली आणि नाम नेमकं कधी तुटलं ह्यावर वाद घालू लागली. एकाचं म्हणणं, जाहिरात लागली तेव्हा. दुसऱ्याचं म्हणणं, कर्णा गप्प झाला तेव्हा. तिसरा म्हणाला, मोबाईलचं नाम हे नामच नव्हे, म्हणजे ह्याने भजन लावलं त्याच क्षणी तुटलं. त्यावर चौथा म्हणाला की मग पखवाजवाला झोपेत ओठ हलवत होता, ते धरायचं की नाही? आणि हा मधे बसून सांगत होता की त्याने लावलेलं भजन मोठ्या गवयाचं होतं, आपल्यापेक्षा शंभरपट बरं, देवीला चांगलंच ऐकवलं, जाहिरात येईल हे काय आपल्या हातात आहे? त्याला आपलं काय चुकलं ते खरोखर कळलं नव्हतं. एखादा निदान ओशाळतो. ह्याच्या चेहऱ्यावर, उगाच कटकट लावली आहे, एवढंच होतं.

अध्यक्ष म्हणाले, प्रहर ह्या घराकडून काढून घ्यावा की काय, ते देवीलाच विचारू.

ते ऐकल्यावर वैनी दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसली. ब्लाऊजचं कापड आणलं होतं, पण ते तिने पिशवीतून काढलंच नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरली. मग म्हणाली, "प्रहर गेलो तर आबांचां ह्या घरात कायच रवाचां नाय."

मी तिला म्हटलं, मग नवऱ्याला सांग. ती म्हणाली, सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाला? तिने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडून सोंगट्यांचा आवाज येत होता. मला त्या क्षणी तो माणूस इतका हलका वाटला की त्याच्यावर रागावणंही जिवावर आलं.

कौल घेतला त्या दिवशी सगळा वाडा जमला होता. देवीला फुलांच्या पाकळ्या लावतात आणि विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अध्यक्षांनी गाऱ्हाणं घातलं. "बाये, तुज्या दारात लेकरांच्या हातून चूक झाली. नाम तुटलां, तां तुका कळलां आणि आमका कळलां. प्रहर ह्या घराक ठेवचो आसात, तर उजवी दी." सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्यानेही म्हटलं, जरा मागाहून. वैनी खांबाआड उभी होती. तिचे हात मला दिसत होते. पदराचं टोक पिळून पिळून तिने दोरी केली होती.

पाकळी पडायला वेळ लागला. पडली ती उजवी.

मग अध्यक्ष म्हणाले, प्रहर घराचा राहिला, पण बसणार कोण? शेवटी तो पखवाजवालाच बोलला. म्हणाला, त्या दिवशी नाम ज्याने उचललं त्याने ते पुढे न्यावं. दोघा-तिघांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण देवीने उजवी दिल्यावर वाद वाढवायची हिंमत कोणाला नव्हती. ठरलं की वैनीने गायचं. रीत म्हणून घरचा पुरुष शेजारी बसेल. आणि पुढच्या सप्ताहापासून गाभाऱ्यासमोर कोणीही मोबाईल आणायचा नाही, दाराशी पाटली, म्हणजे वेताची टोपली ठेवायची आणि सगळ्यांनी तीत टाकायचा. हा नियम ज्याच्यामुळे झाला तोच सगळ्यांत जास्त कुरकुरला.

वैनीने वर्षभर तयारी केली. दुपारी माझ्या दुकानात यायची, मी मशीन बंद ठेवायची, आणि ती एकेक अभंग आबांच्या चालीवर घोटायची. बोटाने टेबलावर ताल धरायची. पलीकडे तो होता, एक वीट जाडीच्या भिंतीमागे. एकदाही येऊन त्याने विचारलं नाही की काय चाललं आहे. एकदा तर भिंतीवर थापा मारल्या. त्याचा खेळ चुकत होता म्हणे.

यंदाच्या श्रावणात वैनी बसली. हिरव्या काठाची साडी, आबांची झांज. शेजारी तो, पांढरा लेंगा-सदरा घालून, हात रिकामे. त्या दिवशी मी नामापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघितलं, खोटं कशाला सांगू. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. आधी त्याने छताकडे पाहिलं. मग समया मोजल्यासारखं केलं. मग दाराकडे, पाटलीकडे पाहिलं. पाटलीत मोबाईल मधूनच घरघरायचे आणि जमलेल्यांतल्या निम्म्यांच्या माना तिकडे वळायच्या, तुमच्याआमच्यासारख्याच. ह्याची मान तर वळून तिकडेच राहायची. थोड्या वेळाने मला दिसलं की त्याचा उजवा अंगठा मांडीवर हलतो आहे. लेंग्याच्या कापडावरून तो वर सरकवत होता, पुन्हा खाली आणून पुन्हा वर. जणू पुढचं काहीतरी येईल. त्याला स्वतःला ते कळत नव्हतं. बघून मला किळस आली आणि थोडी कीवही आली, पण किळस आधी आली.

वैनी गात होती. तिने पहिला अर्धा प्रहर जपून गायला, घाबरत. मग तिने आबांचा तो संध्याकाळचा अभंग धरला आणि तिचा आवाज बसला. जेवून पेंगणारी माणसं सरळ होऊन बसली. पखवाजवाला यंदा झोपला नाही. कर्ण्यावरून ते सगळ्या वाड्यावर जात होतं. ज्यांनी आठ्या घातल्या होत्या त्यांच्यातला एक डोळे मिटून डोलत होता. मी अभिमानाने रडले, सगळ्यांसमोर, आणि पदराने नाक पुसलं. नंतर पुन्हा पाहिलं तेव्हा तो अंगठा थांबलेला होता. मी म्हटलं, बसल्या बसल्या झोपला मेला.

प्रहर संपला. पुढच्या घरच्या माणसाने झांज उचलली, नाम त्याच्या तोंडी गेलं, आणि वैनी उठली. बायकांनी तिला घेरलं. कोणी हात धरला, कोणी गालावर हात फिरवला. ती त्यांच्यातून वाट काढत त्याच्याजवळ गेली. मी जवळच होते. ती काही विचारणार, तोच तो म्हणाला, "दुसऱ्या कडव्याक आबा वर जायत. तू खाली येतंस."

एवढंच. इतक्या वर्षांत बायकोच्या गाण्याबद्दल त्याने काढलेला पहिला शब्द, आणि तोही चूक काढणारा. ज्याला स्वतःला एक स्वर लागत नाही त्याने. ज्याच्यामुळे तिला वर्षभर झोप नव्हती त्याने. माझ्या जिभेवर आलं होतं, ते देवळात उच्चारण्यासारखं नव्हतं. मी वैनीला हाताला धरून बाजूला नेलं. म्हटलं, लक्ष देऊ नकोस त्याच्याकडे.

ती माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू. लग्नाच्या फोटोतही ती अशी हसलेली नाही.

"ऐकलंस गो?" ती म्हणाली. "आबा वर जायत म्हणता. माका म्हायती आसा, माजो श्वास पुरना नाय थंय. म्हणजे तो ऐकत होतो."

मला तिचा राग आला. इतक्यावर समाधान मानायचं? आणि तरी माझ्या हातातला तिचा हात मला सोडवेना.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. तो दाराशी पाटलीपुढे उकिडवा बसला होता. आत वाड्यावरचे सगळे मोबाईल पडले होते, काळे, पालथे, एकासारखे एक. आपला कुठला ते त्याला ओळखता येत नव्हतं. तो एकेक उचलत होता, त्यावर अंगठा टेकवत होता, उघडत नाही असं बघून खाली ठेवत होता आणि पुढचा उचलत होता.